लेकरू, मोबाईल आणि टीव्ही: गावातले आईबाप नेहमी विचारतात ते प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी अठरा वर्षांपासून शिकवते. पालकसभा पोषण आहारासाठी बोलावलेली असो की गणवेशासाठी, अर्ध्या तासात गाडी मोबाईलवर येतेच. तक्रारी खऱ्या असतात, त्या मी रोज ऐकते. पण याच मोबाईलवर आणि शाळेतल्या टीव्हीवर पाहून माझ्या वर्गातली लेकरं वाचायला लागली, नवे प्रश्न विचारायला लागली, हेही मी पाहिलं आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. म्हणून पालकांचे प्रश्न जमेल तेवढे त्यांच्याच शब्दांत घेऊन माझी उत्तरं इथे लिहिते आहे.

मॅडम, मोबाईलनं पोट्टे बिघडतात असंच सगळे म्हणतात. तुम्ही फायदा कोणता सांगून राहिल्या?

पाहताना लेकराजवळ कोण बसलंय आणि पाहून झाल्यावर ते काय करतं, फायदा की तोटा हे त्यावर ठरतं. एक पोरगं खाटेवर आडवं पडून अर्धा तास रिल सरकवतं. दुसरं आबाजीच्या शेजारी बसून गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ पाहतं आणि सकाळी वावरात जाऊन पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, डोमकळी (अळी शिरल्यानं न उमलता मिटून राहिलेलं फूल) शोधतं. घड्याळात दोघांचाही वेळ सारखाच भरतो, पण दुसऱ्यानं त्या अर्ध्या तासात जे पाहिलं ते हातानं पडताळून घेतलं, आणि आबाजीशी बोलणं झालं ते वेगळंच.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ मला अजून आठवते. चांद्रयान-३ उतरणार म्हणून लोकवर्गणीतून घेतलेला शाळेचा टीव्ही आम्ही व्हरांड्यात आणून ठेवला होता. पोरं पुढं, बाया मागं, माणसं कंपाउंडला टेकून. सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं आणि सगळा व्हरांडा ओरडला. टाळ्या थांबल्यावर चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिथं वाराच नाही, मंग धूळ कशी उडली असंल?" मी तिला सांगितलं, वारा नाही, पण यानाच्या इंजिनातून जोरात वायू बाहेर पडतो, तो धूळ उडवतो, आणि हवाच नसल्यामुळं ती धूळ आपल्याकडच्यासारखी तरंगत राहत नाही, खाली येऊन पडते. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग मैदानात मातीवर फुंकर मारून पाहत होता. विज्ञानाचा असा तास मला पुस्तकावरून कधी घेता आला नव्हता.

दिवसाला किती वेळ चालतो, ते एकदाचं सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये लहान मुलांसाठी सांगितलं ते असं: दोन वर्षांच्या आतल्या बाळाला काहीच नको, दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे, आणि पाच ते दहा वयाला ते दोन तासांच्या आत ठेवायला सांगतात. त्यापुढच्या वयात झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं या चारांतलं एकही मोबाईलनं खाल्लं नाही, तर ठीक चाललंय असं समजा.

याचे बाबा नागपूरकडं बुटीबोरीला कामाला आहेत. दीड वर्षाचं बाळ आहे. व्हिडिओ कॉलही बंद करू काय?

नाही ताई, तो चालू ठेवा. डॉक्टरही या नियमातून व्हिडिओ कॉल वगळतात. चित्रफितीतलं माणूस बाळानं काहीही केलं तरी आपलंच बोलत राहतं, त्यामुळं इतकं लहान बाळ त्यातून फार कमी शिकतं. कॉलवरचा बाप बाळ हसलं की हसतो, त्यानं वाटी दाखवली की "वाटी आहे का तुझ्याजवळ?" म्हणतो. बोललं की उत्तर येतं, हेच बाळ शिकत असतं. फक्त मोबाईल बाळाच्या हातात देऊन चुलीकडं जाऊ नका. मांडीवर घ्या, बापानं काय म्हटलं ते तुम्ही पुन्हा म्हणा, बापानं हात हलवला की बाळाचा हात हलवा. महिन्यातून एकदा घरी येणाऱ्या बापाला बाळ ओळखतं आणि त्याच्याकडं झेपावतं, यापेक्षा मोठा फायदा मला तरी माहीत नाही.

मोबाईल लावल्याशिवाय जेवतच नाही.

हे मात्र बंदच करा. पोट भरलं की नाही हे त्याला कळत नाही, आणि जेवताना आईशी जे बोलणं होतं ते जातं. दोन-तीन दिवस रडेल, एखादं जेवण कमी होईल. भूक लागल्यावर जेवेल. लेकरू दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल तर मोबाईलला दोष देत बसू नका. अंगणवाडीताईला सांगा आणि डॉक्टरला दाखवा.

अभ्यासाला खरंच काही उपयोग होते, की पोरं आम्हाले बनवतात?

दोन्ही होतं. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. म्हणजे पोरगं "अभ्यास करतो" म्हणतं तेव्हा जवळ जाऊन पाहावंच लागतं.

पण उपयोगाचं साहित्य आहे, फुकट आहे आणि मराठीत आहे. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापलेला असतो, तो दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्या पाठाचे व्हिडिओ उघडतात. पुस्तक पावसात भिजलं, वासरानं खाल्लं, तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पूर्ण पुस्तक उतरवून घेता येतं. दरवर्षी एकदोन घरी याची गरज पडतेच. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टींची चित्रांची पुस्तकं आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत चार पायऱ्यांत लावलेली. आणि गुगलच्या रीड अलाँगमध्ये लेकरू मोठ्यानं वाचतं, समोरची बाहुली ऐकते आणि अडलेला शब्द सांगते. वर्गात वाचताना चुकलं तर पोरं हसतील म्हणून गप्प राहणारा एक मुलगा माझ्याकडं होता. घरी त्या बाहुलीसमोर तो दोन महिने वाचत होता, आईला सोडून कोणाला पत्ता नव्हता. दिवाळीनंतर त्यानं स्वतःहून हात वर केला.

नवोदयच्या परीक्षेत आकृत्यांचे प्रश्न असतात, ते फळ्यावर काढून दाखवताना माझेच हात दुखतात. व्हिडिओत आकृती फिरताना दिसते, त्यामुळं लवकर कळतं. आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेत निवड झाली तर वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, आणि आमच्या आसपास कोचिंग क्लास नाही. अशा लेकरांसाठी मोबाईल हाच क्लास आहे. एक नियम मात्र मी सगळ्यांना घालून दिला आहे: एक व्हिडिओ पाहिला की मोबाईल पालथा ठेवायचा आणि वहीत पाच प्रश्न सोडवायचे. सोडवल्याशिवाय दुसरा नाही. नुसतं पाहून "समजलं" असं वाटतं, आणि पेन हातात घेतलं की काहीच येत नाही.

टीव्हीचा तर काहीच फायदा नसंल?

मला टीव्ही मोबाईलपेक्षा जवळचा वाटतो, कारण तो सगळ्यांच्या मधे असतो. काय चाललंय ते आईला स्वयंपाकघरातूनही ऐकू येतं. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता तिथली पोरं शेजारच्या टीव्हीसमोर जाऊन बसायची. ज्या आज्या त्यांच्यासोबत बसल्या, त्यांच्या नातवंडांना शाळा उघडल्यावर मला पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली नाही.

अजून एक साधी गोष्ट सांगते. गाणं ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याच्या ओळी पडद्यावर आल्या की पाहणाऱ्याची नजर आपोआप अक्षरांवर जाते. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून या कल्पनेवर काम केलं, आणि दूरदर्शनवरच्या चित्रगीतांना अशा ओळी जोडल्यावर कच्चं वाचणाऱ्यांचं वाचन सुधारतं असं त्यांच्या अभ्यासातून दिसलं. पाठ असलेलं गाणं घ्या, खाली शब्द येणारा व्हिडिओ लावा आणि लेकराला सोबत म्हणू द्या. पुढचा शब्द ओठावर आधीच असतो, डोळा तो अक्षरांत शोधतो. पोळ्याची, भुलाबाईची गाणी यासाठी फार छान, कारण ती आपल्या पोरींना तोंडपाठ असतात.

घरात एकच मोबाईल, तोही दिवसभर यांच्या खिशात. आमच्या लेकराचं नुकसान नाही का?

उलट मला हे बरं वाटतं. ज्या घरी एकच मोबाईल, तिथं तो कोणाच्या तरी शेजारी बसूनच पाहावा लागतो. संध्याकाळी बाप वावरातून आला, हातपाय धुतले, चहा झाला, की सात ते साडेसात लेकराचं. त्या अर्ध्या तासात काय पाहायचं हे दिवसाच ठरवून ठेवायचं. शाळेत आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात "आजचा व्हिडिओ" लिहून देतो. रेंजची अडचण असेल तर बाजाराच्या दिवशी बाप तालुक्याला जातो तेव्हा तिथंच डाउनलोड करून आणायला सांगा. आमच्या गावात पाण्याच्या टाकीजवळच चांगली रेंज येते, त्यामुळं आठवड्याचं सगळं तिथं उभं राहून उतरवून घेतात. लाईन गेली तरी उतरवलेलं चालतं.

उन्हाळ्यात काय करावं? दोन महिने घरातच असतात.

आपल्या विदर्भातला उन्हाळा बाकी महाराष्ट्राला कळत नाही. पारा ४५ च्या वर जातो, म्हणून आपल्या शाळाही उशिरा उघडतात. दुपारी बारा ते चार लेकराला बाहेर सोडता येत नाही, तेव्हा त्या वेळात तासभर स्क्रीन लावली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. सकाळी सहा ते नऊ आणि ऊन उतरल्यावर मैदान मात्र सुटता कामा नये. दुपारच्या तासात हातानं करायचं काहीतरी निवडा: कागदाच्या घड्या, चित्र, भोवऱ्याची जाळी, तबल्याचा ठेका. मागच्या मे महिन्यात पाचवीतल्या दोघांनी व्हिडिओ पाहून वाळ्याच्या ताट्या आणि जुनी बादली घेऊन पाणी गार ठेवायची पेटी केली. पाणी फार गार झालं नाही. का झालं नाही, यावर ते जूनपर्यंत भांडत होते, आणि त्या भांडणात बाष्पीभवनाचा आख्खा धडा आला.

शेतीच्या कामात लेकराले मोबाईल देणं बरोबर आहे काय?

हा प्रश्न एका बापानं फार संकोचानं विचारला होता, आणि मला वाटतं सगळ्यात खरा फायदा इथंच आहे.

ई-पीक पाहणी, म्हणजे वावरातल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद, २०२१ पासून आपल्या मोबाईलवरून करावी लागते. या बापाला ॲप चालवता येत नव्हतं. सहावीतली मुलगी त्याच्यासोबत वावरात गेली. गाव निवडलं, खातेदाराचं नाव शोधलं, गट क्रमांक टाकला. मग ॲपनं क्षेत्र विचारलं, हेक्टर आणि आरमध्ये. बाप एकरात सांगत होता: तीन एकरातलं दोन एकर कापूस, एक एकर तूर. तिनं बांधावर बसून हिशेब केला. एकर म्हणजे साधारण ४० आर, हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणून कापूस ०.८० आणि तूर ०.४०. पेरणीची तारीख बापाला तिथीनं आठवत होती, ती तिनं कॅलेंडर पाहून तारखेत बदलली. शेवटी पिकात उभं राहून फोटो काढला. सातबाऱ्यावर पीक चढलं.

दशांश अपूर्णांक मी वर्गात आठ दिवस शिकवले होते आणि तिच्या डोक्यात शिरले नव्हते. बांधावर अर्ध्या तासात पक्के बसले, कारण चुकलं असतं तर बापाची नोंद चुकली असती. आता ती शेजारच्या दोन घरचीही पाहणी करून देते. ती हुशार आहे हे घरच्यांना तेव्हा कळलं.

असंच दामिनी ॲपचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर सूचना देतं. जून-जुलैत आपल्याकडं विजेनं माणसं आणि जनावरं दगावतात. लेकरानं ॲप पाहून "बाबा, आज झाडाखाली थांबू नका" असं सांगितलं, तर तो स्क्रीनचा वेळ कोण वाया गेला म्हणेल?

आमच्या घरी कोलामी बोलतात. मोबाईलवर सगळं मराठी नाही तर हिंदी.

खरं आहे, आणि त्यामुळं लेकराला वाटू लागतं की आपल्या घरची बोली कामाची नाही. याला माझ्याजवळ एकच उपाय आहे: मोबाईल उलटा फिरवायचा. पाहण्याऐवजी रेकॉर्ड करायचं. पोडावरच्या (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या) मुलांना मी आजीचं एक गाणं, एक गोष्ट आणि दहा झाडांची कोलामी नावं रेकॉर्ड करून आणायला सांगितली. वर्गात ते लावलं, कोलाम मुलांनी बाकीच्यांना अर्थ सांगितला आणि आम्ही कोलामी-मराठी अशी भिंत तयार केली. जे लेकरू वर्षभर मागच्या बाकावर गप्प होतं, ते त्या दिवशी शिक्षक झालं. गोंडी आणि कोरकू बोलणाऱ्या घरीही हे असंच जमेल.

डोळे खराब होतात ना?

छोटा पडदा डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिला तर डोळ्यांवर ताण येतोच. मोबाईल हातभर लांब, टीव्ही त्याहून लांब. वीस मिनिटं झाली की वीस सेकंद दूरच्या झाडाकडं पाहायला लावा. अंधारात पांघरुणात अजिबात नको, आणि झोपायच्या तासभर आधी बंद, कारण त्या उजेडानं झोप लांबते. आणि रोज दिवसाच्या उजेडात दोनेक तास बाहेर. चष्मा लागण्याचं प्रमाण यानं कमी होतं असं अभ्यासांतून दिसलं आहे. फळ्यावरचं दिसत नाही असं लेकरू म्हणालं, किंवा डोळे बारीक करून पाहू लागलं, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी लेकराला वावरात पाठवू नका.

बंद करतो म्हटलं की आदळआपट करते.

आधी ऑटोप्ले बंद करा. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, तिथं मोठ्या माणसालाही थांबता येत नाही. बहुतेक मोबाईलमध्ये ॲप पिन करायची सोय असते, त्यामुळं लेकरू गोष्टीतून रिलवर उडी मारू शकत नाही. आणि "दहा मिनिटं" म्हणण्यापेक्षा "ही गोष्ट संपली की बंद" म्हणा. लेकराला मिनिटं कळत नाहीत, गोष्ट संपलेली कळते. आपण स्वतः त्याच वेळी आपला मोबाईल काढून बसलो, तर मग यातलं काहीच चालणार नाही.

ऐकू न येणाऱ्या, न दिसणाऱ्या लेकराला?

त्यांना तर सगळ्यांत आधी द्या. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओत आहे. एक-एक खूण आईनं आणि लेकरानं सोबत शिकायची. न दिसणाऱ्यासाठी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, ते पडद्यावरचं बोलून दाखवतं.

मुलीले मोबाईल द्यावा काय? लोक नावं ठेवतात.

द्यावा. त्याच 'असर'च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के होते आणि मुली २७ टक्के. अर्ज भरणं, निकाल पाहणं, वसतिगृहाची माहिती, सगळं आता मोबाईलवर आहे. तो भावाच्याच हातात राहिला तर बहिणीचा अर्जही भावाच्या मर्जीवर राहतो.

भीती असते ती मला समजते. म्हणून मुलीला आणि मुलालाही आधीच सांगा: कोणी अनोळखी फोटो मागितला, धमकी दिली, घाणेरडं पाठवलं, तर पहिलं आम्हाला सांग, आम्ही तुझा मोबाईल काढून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मोबाईल जाईल या भीतीनंच लेकरं लपवतात. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा नंबर आहे, आणि ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर १९३०. दोन्ही आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेले आहेत.

मी काही शिकलेली नाही. मी त्याच्याजवळ बसून काय करू?

हे मला सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं, बहुतेक वेळा सभा संपल्यावर, एकटीला गाठून.

तुम्हाला वाचता येत नाही, हे इथं आड येत नाही. तुम्ही फक्त म्हणायचं, "काय पाह्यलं, मले सांग बरं." त्याला तुम्हाला समजावून सांगावं लागतं, आणि सांगताना त्याला स्वतःला कळतं की आपल्याला कुठपर्यंत समजलंय.

तिसरीतल्या एका मुलाच्या आईनं हे सुरू केलं. ती भाकरी थापायची, तो चुलीशेजारी बसून त्या दिवशीचा व्हिडिओ सांगायचा. एकदा कापसाचा होता. तो म्हणाला, बोंडं फुटली की शेतकरी कापूस वेचतो आणि झालं. आईचा हात थांबला. "एकदाच? सांगणाऱ्याले म्हणा, आमच्या वावरात ये. पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास, मंग दुसरी, मंग तिसरी. सगळी बोंडं एका दिवशी फुटतात काय?" दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला, दप्तर न ठेवताच माझ्या टेबलाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, व्हिडिओ चुकला. माझ्या मायनं सांगितलं." आम्ही तो व्हिडिओ पुन्हा लावला, वेचणीपाशी थांबवला, आणि त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतलं.